तुम्ही विचारलंत म्हणून: लहानथोरांना विश्वासात एकत्र कसं वाढवायचं?

"मुलांसाठी कुठला अभ्यासक्रम वापरता? तरुणांसाठी वेगळा आहे का? आणि वयस्कर मंडळींसाठी?" मी मंडळीच्या शिक्षणाचं काम करते, त्यामुळे पालक असोत की नवे पाळक, हे मला कोणी ना कोणी विचारतंच. माझं उत्तर एकच असतं: सगळ्यांसाठी एकच अभ्यासक्रम आहे आणि तो म्हणजे चर्चचं वर्ष. आगमनकाळ (नाताळची वाट बघण्याचे दिवस), नाताळ, प्रकटीकरण, लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ), पवित्र सप्ताह, पुनरुत्थानाचा काळ, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) आणि मग लांबलचक हिरवा काळ, म्हणजे वेदीवर हिरवं वस्त्र असतं ते साधे दिवस. तो नीट पाळला, तर वयानुसार माणसांची वाटणी करायची गरज फार थोडी उरते.

"दरवर्षी तेच तेच होत नाही का?" असं यावर लगेच विचारतात. होतं, आणि त्यातच त्याची ताकद आहे. नाताळच्या गोष्टीत चार वर्षांच्या मुलाला मेंढपाळ आणि तारा पुरतो. तेच मूल पंधराव्या वर्षी विचारतं, हेरोद राजाने एवढी लेकरं मारली तेव्हा देव कुठे होता? आणि जिने आपलं मूल गमावलंय तिच्यासाठी 28 डिसेंबर आहे, निष्पाप बालकांचा स्मरणदिन. त्या दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानात इस्राएलची पूर्वज माता राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि कोणाचं सांत्वन घेत नाही. हा दिवस बऱ्याच ठिकाणी नाताळच्या गडबडीत राहून जातो. तो राहू देऊ नका. शोक करणाऱ्या माणसाला आपल्या दुःखालाही उपासनेत जागा आहे हे कळणं, हेही विश्वासाचं शिक्षणच आहे.

आगमनकाळाबद्दल माझा थोडा हट्ट आहे. 30 नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी तो सुरू होतो आणि त्यात चार रविवार असतात. पहिल्याच रविवारी नाताळची गाणी सुरू केली की वाट बघणं संपतं. 1839 साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न हे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवत होते. नाताळला किती दिवस उरले, असं मुलं सारखी विचारायची, म्हणून त्यांनी एका चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची छोटी आणि रविवारची मोठी. मुलांची अधीरता त्यांनी दडपली नाही, तिला रोजचं एक काम दिलं. आजारपणात, नोकरीच्या शोधात, लेकरांच्या काळजीत वाट बघत बसलेल्या मोठ्यांनाही ते काम तितकंच हवं असतं.

लेंट तर मुळात शिकवण्याचाच काळ होता. ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी या दिवसांत होत असे. चौथ्या शतकाच्या अखेरीला यरुशलेमला गेलेल्या एगेरिया नावाच्या यात्रेकरू बाईने ती पाहून लिहून ठेवली आहे. बिशप रोज शास्त्रवचनं समजावून सांगत, बाप्तिस्म्याचे उमेदवार त्यांच्याभोवती बसत आणि मंडळीतल्या ज्या कोणाला ऐकायचं असेल तेही येऊन बसत. मला यातली शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते. दृढीकरणाचा, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली देण्याआधीचा, वर्ग बंद खोलीत का भरावा? आम्ही प्रत्येक उमेदवाराला एका वडीलधाऱ्या व्यक्तीबरोबर बसवतो. आठवड्याचा पाठ दोघांनी मिळून वाचायचा, आणि प्रश्न दोघांनीही विचारायचे.

पवित्र सप्ताहात मुलांना दूर ठेवावं का, असंही विचारतात. नाही, ठेवू नये. वधस्तंभाच्या वेदनांचं भीषण वर्णन लहानांपुढे करू नये, हे खरं. पण गुरुवारी रात्री प्रभुभोजनानंतर वेदीवरचं सगळं काढून ती उघडी केली जाते, तेव्हा त्यांच्या हातांना काम द्या. दीपस्तंभ कोणी उचलायचे, पेला कोणी न्यायचा, शेवटी वेदीवरचं वस्त्र दोघांनी मिळून घडी घालायचं. दिवे मंद होत जातात, कोणी बोलत नाही. एकदा एका मुलीने घडी घालताघालता शेजारच्या आजींना हळूच विचारलं, "सगळं का काढतोय आपण?" आजी म्हणाल्या, "त्याच्याकडूनही सगळं काढून घेतलं होतं, बाळा." निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा क्रम असाच आहे: आधी विधी, मग मुलांचा प्रश्न, मग वडीलधाऱ्यांचं उत्तर. आपण तो बहुतेक वेळा उलटा करतो. आधी समजावून सांगत बसतो आणि मुलांना विचारायला काही शिल्लकच ठेवत नाही.

लेंटचे 40 दिवस आपण कसोशीने पाळतो आणि पुनरुत्थानाचे 50 दिवस एका सकाळीत उरकतो. निदान पुढचा रविवार तरी सांभाळा. तीन वर्षांच्या सामाईक वाचनक्रमात, म्हणजे रविवारी वाचायच्या शास्त्रपाठांच्या यादीत, त्या दिवशी दरवर्षी थोमाच येतो, पुनरुत्थानावर शंका घेणारा शिष्य. शंका घेणाऱ्या तरुणांना त्या रविवारी पाठ वाचायला आणि बोलायला पुढे बोलवा. थोमाला प्रभूने दटावून बाहेर काढलं नाही, जखमा दाखवल्या. हे त्यांना आपल्या वागण्यातून दिसलं पाहिजे.

हे सगळं सुरू कधी करायचं? माझ्या मते पेंटेकॉस्टनंतरच्या हिरव्या काळात. मोठे सण नसतात, तालमी नसतात, हाताशी पाच-सहा महिने असतात. याच वाचनक्रमात एका वर्षी मत्तय, पुढच्या वर्षी मार्क, नंतर लूक असतो. योहान तिन्ही वर्षांत वाटलेला आहे. यंदा कोणता, हे त्या इसवी सनाला तीनने भागून कळतं: बाकी शून्य आली तर लूक, एक आली तर मत्तय, दोन आली तर मार्क. येत्या रविवारचा उतारा शनिवारी रात्री घरात मोठ्याने वाचा. वाचता येणाऱ्या सगळ्यात लहान मुलाने वाचायचा. अडलेला शब्द घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने सांगायचा. उतारा संपल्यावर लगेच अर्थ सांगू नका. आधी कोणी काही विचारतंय का, ते बघा.