दहा दिवसांची मुदत आणि आमचे डोंगल

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत आमचा छोटा छापखाना आहे. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार, हे आम्हाला बरेच आधी माहीत होते. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्येच आले होते. ही चार वर्षे मी थांबलो, आणि ते थांबणे चुकले असे मला आजही वाटत नाही. चूक झाली ती वेळ निवडताना. पितृपक्षात लग्नपत्रिकांचे काम नसते, म्हणून ९ सप्टेंबरला विंडोज ११ वर जाण्याचा बदल उरकून घ्यावा असे मी ठरवले. पण अंबाबाईच्या नवरात्रासाठी मंडळांची पावतीपुस्तके आणि हँडबिले छापायला येतात ती नेमकी याच पंधरवड्यात, याचा विचार मी केला नाही.

दोनपैकी एक संगणक इंटेलच्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरचा असल्यामुळे विंडोज ११ च्या पात्रता तपासणीतच बाद झाला. दुसऱ्याचे टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप, बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद होते. ते सुरू केल्यावर अपग्रेड विनातक्रार पार पडले.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. आमचे मराठी डीटीपीचे (पानांच्या मांडणीचे) सॉफ्टवेअर यूएसबीला लावायच्या डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याच्या छोट्या किल्लीशिवाय, उघडत नाही, आणि गेल्या बारा वर्षांचा सगळा मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धती येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये असल्यामुळे तो दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नुसती विचित्र अक्षरे दाखवतो. अपग्रेडनंतर पडद्यावर एकच सूचना येऊ लागली: डोंगल सापडले नाही. विक्रेत्याच्या मदतकेंद्राला फोन केला, तर पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला सांगितले, दुसऱ्या दिवशी पोर्ट बदलायला, आणि तिसऱ्या दिवशी तक्रार वरच्या विभागाकडे पाठवली असल्याचे कळवले. दर वेळी फोनवर नवी व्यक्ती असे आणि मला सगळे पहिल्यापासून सांगावे लागे. तुमच्या डोंगलचा ड्रायव्हर (विंडोजला डोंगल ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम) विंडोज ११ वर चालतो की नाही, एवढ्या एकाच प्रश्नाला आठ दिवसांत कोणीही हो किंवा नाही असे उत्तर दिले नाही. कारण शेवटी मीच शोधले. आमच्या संगणकावर ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे असुरक्षित ड्रायव्हर अडवणारे विंडोजचे संरक्षण सुरू होते, आणि जुन्या धाटणीचा तो ड्रायव्हर त्यामुळे लोडच होत नव्हता. हे सांगितल्यावर मला संरक्षण बंद करण्याचा सल्ला मिळाला. ज्या सुरक्षेसाठी हा सगळा खटाटोप केला, तीच बंद करायची, हे मला पटले नाही.

अपग्रेडनंतर जुन्या विंडोजवर परतण्यासाठी दहा दिवस मिळतात. पावतीपुस्तकांसाठी मंडळांची मुले रोज दारात उभी राहत होती, म्हणून नवव्या दिवशी, १८ सप्टेंबरला सकाळी, सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’त जाऊन मी परत फिरलो. सॉफ्टवेअर उघडले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. २२ तारखेच्या घटस्थापनेआधी सगळी पुस्तके मंडळांच्या हाती गेली, याचा मला अभिमान आहे.

एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती: जागा कमी पडते म्हणून ‘विंडोज.ओल्ड’ हे जुने विंडोज साठवलेले फोल्डर पुसू नका, कारण ते गेले की परतीची वाट बंद होते. दहा दिवसांची ही मुदत त्या दहा दिवसांतच विंडोजमधल्याच डिझम (DISM) या आज्ञेने साठ दिवसांपर्यंत वाढवता येते. मला हे नंतर कळले, अन्यथा इतकी धावपळ झाली नसती. घरगुती वापराच्या विंडोज १० संगणकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेण्याची सोयही आहे, त्यामुळे केवळ तारखेच्या धाकाने घाई करू नये. नव्या विंडोजवर जाण्याचा दिवस ठरवताना संगणकाला जोडलेली सर्वांत जुनी वस्तू कोणती, हे आधी पाहावे आणि तिच्या ड्रायव्हरबद्दल लेखी उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ऑक्टोबरनंतर मी दोन्ही संगणकांची नेटची वायर काढून टाकली आणि फाइली पेन ड्राइव्हने नेल्या-आणल्या. नवा ड्रायव्हर ईमेलने आला तो पौषात, लग्नपत्रिकांचे काम थंड असताना. त्याच आठवड्यात पुन्हा अपग्रेड केले, आणि या वेळी मेमरी इंटिग्रिटी सुरू असतानाच डोंगल ओळखले गेले. ड्रायव्हरची ती फाइल दोन पेन ड्राइव्हवर उतरवून मी डोंगलच्या डबीतच ठेवली आहे.