तेरा डावे, तेरा उजवे: चेन ग्राइंडरची टिपणं

आधीची परिस्थिती

माझी चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, उजवीकडे ओढायला लागली होती. जाड ओंडक्यावर बार (ज्याच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी) सरळ ठेवून सुरुवात करावी, तर तळाशी पोचेपर्यंत काप दोन बोटं उजवीकडे सरकलेला आणि तोंडावर मस्त गोलाई. चेन ३/८ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर), लो प्रोफाइल म्हणजे बुटकी. ड्राइव्ह लिंक, म्हणजे बारच्या खाचेत चालणाऱ्या कड्या, ५२. त्यांची जाडी, म्हणजे गेज, १.३ मिमी. दोन लिंकांमागे एक कटर (कापणारा दात), म्हणजे कटर २६: तेरा डावे, तेरा उजवे. व्हर्नियर लावून एकेक मोजला. डाव्या कटरची वरची पट्टी सरासरी ६.९ मिमी, उजव्याची ७.३. ज्या बाजूचे दात लांब, त्या बाजूला बार ओढला जातो, त्यामुळे करवतीची काही चूक नव्हती. चूक माझ्या मनगटाची. गोल कानस मारताना डावे दात हाताला सोपे पडतात, तिथे नकळत दोन घास जास्त बसतात. वर्षभर तेच होत राहिलं की ०.४ मिमीचा फरक सहज पडतो.

म्हणून टेबलावर बसणारा छोटा ग्राइंडर घेतला. समजूत अशी होती की मशिनला डावं-उजवं कळत नाही, ते सगळ्यांना सारखंच घासेल. ही समजूत किती दिवस टिकली ते पुढे येईलच.

दिवस १: बसवणं

टेबलाच्या कडेला, दोन बोल्ट आरपार, खाली रुंद वॉशर. लाकडी स्क्रूवर भागवू नका, हँडल दाबलं की मशिन नाक खाली घालतं.

बोल्ट आवळून झाल्यावर डोकं (मोटर आणि घासणारं चाक असलेला वरचा भाग) हाताने बाजूला हलवून बघितलं, तर चाकाच्या कडेशी जवळजवळ एक मिलिमीटरचा खेळ. दातातला फरक काढायचा आहे ०.४ मिमीचा आणि मशिन स्वतःच मिलिमीटरभर डुलतंय! बिजागरीचा बोल्ट काढून फटीत पातळ पोलादी वॉशर घातला आणि नट असा आवळला की डोकं स्वतःच्या वजनाने जेमतेम खाली येईल. खेळ आता बोटाला जाणवत नाही. तरीही हँडल नेहमी एकाच जागी धरायचं आणि सरळ खाली दाबायचं, ही सवय लावून घेतोय. छोट्या मशिनची मान लवचीकच असते.

दिवस २: चाक

प्लग काढून ठेवला, मग गार्ड उघडलं. चाक ३.२ मिमी जाडीचं. लो प्रोफाइल आणि .३२५ पिचला हेच लागतं. मोठ्या ३/८ आणि .४०४ साठी ४.७ मिमीचं. पिच नक्की माहीत नसेल तर सलग तीन रिव्हेटांचं अंतर मोजून त्याला दोनाने भागा, उत्तर हातात.

बसवण्याआधी चाक वाजवून बघितलं. भोकात बोट घालून लोंबतं धरायचं आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारायची. धडधाकट चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द बोलतं. माझं खणखणलं. चाकावर छापलेला कमाल वेग मशिनच्या वेगापेक्षा जास्त आहे याचीही खात्री केली. चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फ्लँजमधले कागदी गोल जागेवर राहू द्यायचे, नट घट्ट पण बेताने. मग चष्मा लावून, चाकाच्या रेषेतून बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामं फिरवलं. नव्या चाकाला फुटायचं असेल तर त्याने ते या मिनिटात, मी समोर नसताना उरकावं.

आता ड्रेसिंग, म्हणजे चाकाच्या कडेला आकार देणं. नव्या चाकाची कड चौकोनी येते आणि ती तशीच वापरली तर दाताच्या पोटात चौकोनी खाच पडते. आपल्याला हवी गोलाई, साधारण चाकाच्या निम्म्या जाडीच्या त्रिज्येची. ड्रेसिंगचा दगड फिरत्या चाकाला आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने हलका लावत कड गोल केली. तपासायला जाड पुठ्ठ्यात अर्धगोल कापून टेम्प्लेट केलं. चाक थांबवून ते कडेवर टेकवायचं आणि मागून उजेड धरायचा. पहिल्यांदा डाव्या खांद्यापाशी उजेडाची फट दिसत होती, तिसऱ्या खेपेला बुजली. धूळ बरीच उडते, मास्क हवाच.

दिवस ३: कोन

माझ्या मशिनचं डोकं एकाच तिरकेपणात पक्कं आहे, फक्त व्हाइस (चेन धरून ठेवणारा जबडा) डावी-उजवी फिरते. या चेनला वरच्या पट्टीचा कोन ३०° हवा. स्केलवर काटा ३० वर आणला, शंका आली म्हणून चाकाच्या सपाट अंगाला पट्टी लावून कोनमापकाने पडताळलं. एका बाजूला २८, दुसऱ्या बाजूला जवळपास ३३! स्केलचं शून्यच सरकलेलं. ते स्टिकर आहे, सजावट म्हणून ठीक. खरे ३०° जिथे आले तिथे सुईने दोन्ही बाजूंना ओरखडा काढला, यापुढे तोच बघायचा.

दिवस ४: पहिली धार आणि निळा दात

चेन केरोसीनमध्ये धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून घेतली. डिंक आणि तेल चाकात भरलं की चाक कापायचं सोडून चोळायला लागतं, आणि चोळलं की दात तापतो.

डाव्या बाजूचे तेरा दात सुरळीत गेले. व्हाइस फिरवून उजवी बाजू घेतली. ठिणग्यांचा झोत जरा मोठा वाटला, पण हात बसलाय या आनंदात दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दाताला चाक दोन सेकंद टेकवून ठेवलं असेल नसेल. टोकाशी आधी गवती पिवळा रंग आला आणि बघता बघता त्याचा जांभळट निळा झाला.

निळा रंग म्हणजे पोलाद ३०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचलं. तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, ती धार दोन कापांत बसणार. कटरच्या बाहेरच्या अंगावर कडक क्रोमचा पातळ थर असतो, खरं काम करणारी कड तीच. आतलं पोलाद नरम पडलं की तिला टेकू राहत नाही. इलाज एकच: निळा भाग संपेपर्यंत मागे घासायचं, तेही फुलपाखरू बसून उडावं इतक्या हलक्या टेकवण्याने. टेकव, उचल, श्वास घे, टेकव. एकदम लांब दाब नाहीच. आणि तो एक दात आखूड झाला की बाकी पंचवीस त्याच्या मापाला आणायचे. एका दाताच्या घाईचा दंड सव्वीस दातांनी भरायचा.

दिवस ५: मोजमाप आणि पंचाईत

चेन चढवून काप घेऊन बघितला. आता करवत डावीकडे जाते!

व्हर्नियर पुन्हा बाहेर. निळा दात सोडून डावे ६.८, उजवे ६.५. म्हणजे मशिनने उजव्यांचे ०.८ मिमी एका दमात खाल्ले. झोत मोठा का होता आणि दात का जळला, दोन्हीचं उत्तर मिळालं. समजूत गेली पाण्यात. मशिनलाही डावं-उजवं कळतं, फक्त ते आपली चूक तेरा वेळा अगदी इमानदारीने उतरवतं.

कारणं दोन निघाली. पहिलं, व्हाइस ज्या खिळ्यावर फिरते तो चाकाच्या बरोबर खाली नाही. व्हाइस फिरवली की दात चाकाच्या जवळ किंवा लांब जातो, त्यामुळे एका बाजूला लावलेला स्टॉप (दात चाकाखाली कुठे थांबेल ते ठरवणारा अडथळा) दुसऱ्या बाजूला तसाच चालत नाही. दुसरं कारण सापडायला वेळ लागला. स्टॉपची जीभ कटरच्या मागच्या टोकाला टेकते, मी चेन मागे ओढून तिला चिकटवत होतो आणि मग व्हाइस आवळत होतो. चेनवर मार्करचा ठिपका देऊन भिंगातून बघत आवळलं, तर ठिपका आवळताना केसभर पुढे सरकला. चाकाकडेच. जबड्याच्या आतल्या अंगावर ओतकामाचा बारीक फुगवटा होता, आवळलं की ड्राइव्ह लिंक त्यावर चढून चेन तिरकी व्हायची. सपाट कानशीचे सातआठ हात मारले, फुगवटा गेला, ठिपका जागचा हलेना.

आता पद्धत अशी. डावी बाजू पूर्ण करायची, तीन दात मोजायचे. व्हाइस फिरवून स्टॉपचा स्क्रू मुद्दाम मागे घ्यायचा, म्हणजे चाक दाताला लागणारच नाही. मग दाताला मार्करची शाई लावून स्क्रू पाव-पाव फेरा पुढे, शाई जेमतेम पुसली जाईपर्यंत. दोन दात घासून मोजायचे, माप जुळलं तरच उरलेले अकरा. निळ्या दाताच्या हिशेबाने सगळे ६.२ वर आणले. फरक आता जास्तीत जास्त ०.१ मिमी. चार मिमीच्या आसपास चेन रिटायर, तेव्हा आयुष्य शिल्लक आहे, मात्र माझ्या शिकण्यापायी बरंच खर्ची पडलं.

दिवस ६: डेप्थ गेज

कटरची वरची पट्टी मागे उतरती असते. त्यामुळे दात आखूड झाला की बुटकाही होतो आणि समोरचा डेप्थ गेज (दात किती खोल घास घेईल ते ठरवणारा उंचवटा) त्याच्या बरोबरीला येतो. मग धार कितीही लागो, कीस न पडता पीठ पडतं. माझ्या चेनला फरक ०.६५ मिमी हवा. यासाठी जाड चाक मिळतं, पण मी गेजची पट्टी आणि सपाट कानस यावरच भागवतो. प्रत्येकाला तीन-चार हात, वर पुढचा कोपरा गोल. जास्त घासला गेला तर करवत झटके मारते, आणि घासलेलं परत येत नाही.

भिंग हातात होतंच म्हणून एक कटर बराच वेळ बघत बसलो. खालून वर वळणारं ते इंग्रजी सी अक्षरासारखं पोट. अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या जो कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ साली लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे जबडे बघून हा आकार घेतला. अळी धार कशी लावत असेल, हा माझा प्रश्न अजून उभा आहे.

देखभाल, जशी बसत गेली तशी

प्रत्येक बाजूनंतर टेम्प्लेट लावतो. चाकाची कड चपटी झाली किंवा चकाकायला लागली की दगड. चकाकणारं चाक म्हणजे पुढचा निळा दात. बिजागरीला तेल घालायचा मोह टाळलाय, कारण तेलात चाकाची पूड बसली की तिची घासणारी पेस्ट होते. कोरडा ब्रश पुरतो. मोटर लहान आहे, हात ठेववेना इतकी तापली की थांबतो. धार झाल्यावर चेन पुन्हा धुऊन बार ऑइलमध्ये रात्रभर, नाहीतर तीच पूड बारच्या खाचेत जाते.

दिवस ८

काप घेतला. कीस लांब आणि स्वच्छ, करवत स्वतःच खाली उतरते. पण तळाशी अजून अर्ध्या बोटाचा बाक! दात पुन्हा मोजले, सव्वीसच्या सव्वीस ठीक. शेवटी बार उलटा करून बसवला, काप सरळ.

बार काढून काटकोन लावला. आधी खाली असलेल्या अंगाची एक रेलिंग (खाचेच्या बाजूची कड) दुसरीपेक्षा बुटकी झालेली. दात असमान असताना वर्षभर करवत एकाच बाजूला रेटली, तिथेच झिज झाली असणार. कानस आणि काटकोन टेबलावरच ठेवलेत. उद्या बार.