अक्कलदाढ कुठे झुकलीये ते आधी बघा
लहान भावाची खालची अक्कलदाढ ठणकायला लागली, तोंड दोन बोटांच्या वर उघडेना, तर्री पोहे सुटले आणि पोरगा नुसत्या वरणभातावर आला. धरमपेठेत ओपीजी काढला, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्सरे, तेव्हा कळलं की दाढ किती खोल आहे एवढंच नाही तर कुठे झुकलीये तेही बघतात. पुढे झुकलेली बहुतेकदा सोपी, आणि मागे झुकलेली सगळ्यात अवघड कारण तिचा निघायचा रस्ताच मागच्या हाडात घुसतो, मला तर उलटंच वाटलं होतं! हे कोन विंटर नावाच्या दंतवैद्याने १९२६ मध्ये मांडले, खोली आणि मागची जागा पेल आणि ग्रेगरी या दोघा दंतवैद्यांनी १९३३ मध्ये, आजही तेच वापरतात.

भावाची पार आडवी. नसेच्या नळीच्या दोन बारीक पांढऱ्या रेषा असतात ना, मुळाजवळ वरची रेष दिसतच नव्हती, म्हणजे मूळ नसेला खेटून असू शकतं. नसेला धक्का लागला तर खालचा ओठ, हनुवटी बधिर राहू शकते, म्हणून सर्जननेच केलं, थोडं हाड कापून, दाढेचे तुकडे करून. इंजेक्शन उतरेपर्यंत मी दर दहा मिनिटांनी त्याच्या ओठाला बोट लावून विचारत होते, कळतंय का रे? रात्री आठला म्हणाला, हो ताई, कळतंय.