उतरतानाचा गुडघा

तुळजापूरला देवीच्या दर्शनासाठी पायऱ्या उतरून खाली जावे लागते आणि दर्शन झाल्यावर त्याच चढून परतावे लागते. मागच्या खेपेला आई त्या पायऱ्या कठड्याला धरून, अंग आडवे करून, आधी एक पाय आणि मग त्याच पायरीवर दुसरा, अशी उतरली. परतताना मात्र ती माझ्या पुढे होती. "चढायचं काही नाही रे, उतरतानाच जीव जातो," असे ती म्हणाली, तेव्हा मला ते उफराटे वाटले होते.

उफराटे काहीच नव्हते. मांडीच्या पुढच्या अंगाला चार स्नायूंचा जुडगा असतो. चढताना तो आखडतो आणि देह वर उचलतो, तर उतरताना त्याला ताण न सोडता लांबत जावे लागते. भरलेली घागर विहिरीतून ओढताना दम लागतो, पण तीच दोर हातून न सुटू देता हळूहळू खाली सोडून पाहावी, म्हणजे तळहात काय म्हणतात ते कळते. त्यातच सगळा भार एका वाकलेल्या पायावर येतो आणि गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. ही वाटी त्या जुडग्याच्या कंडरेतच, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीतच, बसवलेली आहे. मोटेचा नाडा चाकावरून वळावा तशी ती कंडर वाटीमुळे सांध्यापासून थोडी पुढे राहते, आणि तेवढ्यानेच स्नायूचा जोर वाढतो.

खुब्यात हाडाचा गोळा खोबणीत घट्ट बसतो. गुडघ्यात तशी सोय नाही. मांडीच्या हाडाची दोन गोल टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली, मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या, आत एकमेकांना छेद देणारे दोन बंध आणि दोन्ही कडांना एकेक बंध, एवढ्या भांडवलावर हा सांधा उभा आहे. बाकीची राखण पुढून मांडीचे आणि मागून मांडी-पोटरीचे स्नायू करतात. अक्कल गुडघ्यात असल्याचे आपण हिणवून म्हणतो, पण इतक्या कमी आधारावर इतके ओझे पेलणाऱ्याला अक्कल नाही असे म्हणवत नाही.

आईने आयुष्यभर कापसाच्या शेतात उकिडवे बसून खुरपले. दर्शनाच्या रांगेत ती तास-दोन तास सहज उभी राहते, कारण पाय पूर्ण ताठ झाला की मांडीचे हाड नडगीवर किंचित आत वळते आणि सांध्याला जणू कडी लागते. मग स्नायूंना फारसे राबावे लागत नाही. ही कडी काढायला गुडघ्याच्या मागे, लवणीत, एक आखूड स्नायू आहे.

गावात गुडघेदुखीवर "वंगण संपलं" हा ठरलेला निकाल असतो आणि त्यापाठोपाठ बसून राहण्याचा सल्ला येतो. तो मला पटत नाही. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कुर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातूनच तिचे पोषण होते, आणि तो द्रव तिच्यात मुरतो तो दाब पडण्याने आणि सुटण्याने. पाय हलायचा थांबला की तिचा घास तुटतो.

परभणीच्या व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी आईच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि ती खाली दाबायला सांगितली. आईने दाबली तशी वाटीच्या वर, मांडीच्या आतल्या अंगाला, एक लहानसा उंचवटा वर आला आणि वाटी हलकेच वर सरकली. आईने पातळ बाजूला करून त्यावर बोट ठेवून पाहिले. "ही सरकते होय!" सत्तर वर्षे बाळगलेली वस्तू तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

आता ती रोज दुपारी ओसरीवर टॉवेलऐवजी जुन्या लुगड्याची गुंडाळी घेऊन दाबत बसते. शेजारी नात रांगत असते. तिची वाटी अजून नुसती कुर्चा आहे, तिचे हाड व्हायला तीन ते सहा वर्षांचे वय उजाडते. आई मोजत असते, आणि नात मध्येच येऊन गुंडाळी ओढते, म्हणून आकडा पुन्हा एकपासून सुरू होतो.