बनाबाची एक जागा

परवा खानापुरात दिवसभर पाऊस, लाईटही नव्हती. लेकीला भूगोल शिकवताना किरिबाटी हा प्रशांत महासागरातला बेटांचा देश सापडला. उच्चार मात्र ‘किरिबास’. ३३ बेटं, जमीन ८११ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या बेळगाव जिल्ह्याचा सोळावा हिस्सा. आणि ती विखुरलीय सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्रात! १९७९ला देश स्वतंत्र झाला. संसदेच्या नावातला ‘मानेआबा’ म्हणजे गावची बैठकीची मोठी छपरी. संसद आपल्यातूनच उमेदवार ठरवते, मग लोक थेट मतानं राष्ट्राध्यक्ष निवडतात. मला हे फार आवडलं.

पण मन अडकलं ते त्यातल्या बनाबा बेटात. फॉस्फेटसाठी इंग्रजांनी ते पोखरलं आणि १९४५ला तिथल्या लोकांना फिजीतल्या राबी बेटावर नेऊन वसवलं. आज राबी दुसऱ्या देशात आहे, तरी किरिबाटीच्या संसदेत त्यांची एक जागा राखीव आहे.

माझ्या आज्जीचं माहेर चंदगड. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत ते कोल्हापूर जिल्ह्यात गेलं, आम्ही म्हैसूर राज्यात. “माझं माहेर परमुलखात गेलं की रे,” असं ती शेवटपर्यंत म्हणायची. त्या एका जागेचं मोल तिला लगेच कळलं असतं.

लेकीनं पेन्सिलीनं बनाबापासून राबीपर्यंत रेघ ओढली. ती मी पुसू दिली नाही.