पोटॅशियम ६.२ : एका रिपोर्टची उलटतपासणी

रक्तदाबासाठी मी टेल्मिसार्टन घेतो. या गटातील औषधांमुळे रक्तातील पोटॅशियम वाढू शकते, म्हणून मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनबरोबर तेही अधूनमधून तपासावे लागते. एरवी चार-साडेचारच्या आसपास राहणारा हा आकडा एका वेळी ६.२ मिलिमोल प्रतिलिटर आला. प्रौढांमध्ये साधारण ३.५ ते ५.१ ही मर्यादा धरतात आणि सहाच्या पुढे गेलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकते, त्यामुळे प्रयोगशाळेने रिपोर्ट पाठवण्याआधी फोनच केला. मला मात्र कसलाही त्रास जाणवत नव्हता.

डॉक्टरांनी सर्वांत आधी ईसीजी काढला. पोटॅशियम वाढले की त्यातील ‘टी’ लहरी उंच आणि टोकदार होऊ लागतात. माझ्या आलेखात तसे काही नव्हते. परंतु ईसीजी सरळ आला म्हणजे पोटॅशियम सरळच असेल असे नाही, हेही त्यांनी लगेच सांगितले. क्रिएटिनिन नेहमीसारखे होते, औषधाची मात्रा बदललेली नव्हती, नवे औषध सुरू झालेले नव्हते. मग हे पोटॅशियम आले कुठून? औषध बंद करण्यापूर्वी नमुना ताबडतोब पुन्हा द्यावा आणि आधीचा कसा घेतला, कसा नेला, याची प्रयोगशाळेत चौकशी करावी, असे ठरले. संशय असला तरी आकडा आधी खरा मानून धोका तपासायचा आणि मगच त्याच्या खरेपणाकडे वळायचे, हा त्यांचा क्रम मला फार पटला.

प्रयोगशाळेतील पॅथॉलॉजिस्ट बाईंनी वेळ काढून जे समजावले, ते या साऱ्या प्रकरणाचे मर्म होते. पेशींच्या आत पोटॅशियम सुमारे १४० ते १५० मिलिमोल प्रतिलिटर असते आणि बाहेरच्या द्रवात अवघे चार. धरणाच्या भिंतीच्या दोन बाजूंना पाण्याची पातळी अशी असेल, तर बारीकशी गळतीही खालच्या बाजूला मोठी दिसणारच. त्यामुळे रक्त शरीराबाहेर पडल्यापासून पेशी वेगळ्या होईपर्यंत त्यांचे जे काही होते, त्याचा परिणाम इतर अनेक घटकांपेक्षा पोटॅशियमवर अधिक लवकर दिसतो.

यानंतर त्यांनी माझ्या जुन्या रिपोर्टची अक्षरशः उलटतपासणी घेतली. पहिला संशय तांबड्या पेशी फुटल्याचा. तसे झाले की सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, गुलाबी किंवा लाल दिसते. पण हल्लीची यंत्रे डोळ्यांच्या भरवशावर न राहता प्रकाशशोषणावरून त्याचा निर्देशांकही काढतात आणि माझ्या नमुन्याचा निर्देशांक कमी होता. दुसरा संशय जांभळ्या झाकणाच्या ट्यूबचा. हिमोग्लोबिन आणि पेशींच्या मोजणीसाठी वापरल्या जाणाऱ्या या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए या रसायनाचा पोटॅशियम क्षार असतो. तिच्यातील थोडेसे रक्त जरी सीरमच्या ट्यूबमध्ये मिसळले, तरी पोटॅशियम वाढते. मात्र ईडीटीए कॅल्शियमला आणि अल्कलाइन फॉस्फेटेज या विकराला लागणाऱ्या जस्त-मॅग्नेशियमलाही बांधून ठेवते, त्यामुळे अशा नमुन्यात कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज दोन्ही खाली येतात. माझे दोन्ही आकडे जागेवर होते. तिसरा संशय प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशीकणांचा, कारण रक्त गोठताना प्लेटलेटमधून पोटॅशियम बाहेर पडते आणि त्यांची संख्या पाच लाखांच्या पुढे असेल तर फरक ठळक होतो. माझी संख्या सर्वसाधारण होती.

उरला नमुन्याचा प्रवास. रक्त सकाळी घरी येऊन नेले होते, बर्फाच्या पाकिटांच्या डब्यात ठेवले होते आणि इतर घरांची फेरी आटोपून ते प्रयोगशाळेत पोहोचून पेशी वेगळ्या करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरेपर्यंत बरेच तास गेले होते. थंडीत वस्तू टिकते हा आपला समज येथे उलटा पडतो. पोटॅशियम पेशीच्या आत खेचून ठेवणारा पंप चालायला ऊर्जा लागते आणि थंडीत तो मंदावतो; गळती मात्र चालूच राहते. पेशी फुटत नाहीत, सीरम स्वच्छ पिवळसर दिसते, निर्देशांकही काही सांगत नाही आणि आकडा चढत जातो. म्हणून पोटॅशियमसाठीचे रक्त पेशींसह थंड करायचे नसते; ते गोठू द्यायचे, शक्यतो दोन तासांच्या आत सीरम वेगळे करायचे आणि हवे तर त्यानंतर फ्रीजमध्ये ठेवायचे. ग्लुकोजचे गणित याच्या नेमके विरुद्ध आहे. साध्या ट्यूबमधील रक्त खोलीच्या तापमानाला तसेच राहिले तर पेशी दर तासाला पाच ते सात टक्के ग्लुकोज संपवतात आणि थंडीत हा वेग कमी होतो. माझी साखर ग्लुकोजची ही घट रोखणारे फ्लोराइड असलेल्या करड्या झाकणाच्या ट्यूबमधून मोजली होती, त्यामुळे उशिराचा पुरावा म्हणून ती उपयोगी पडली नाही.

पुन्हा रक्त दिले ते प्रयोगशाळेतच. टेक्निशियनने आधी काही वेळ शांत बसवले. शीर दिसावी म्हणून मूठ उघड-मीट करायची आपली सवय असते. त्यांनी ती करू दिली नाही, कारण पट्टा बांधलेला असताना स्नायूंची हालचाल झाली तर तेवढ्यानेच पोटॅशियम एका मिलिमोलपर्यंतही वाढू शकते. सुई शिरेत जाताच पट्टा सोडला. आधी जेल असलेली सीरमची ट्यूब भरली, नंतर हिरव्या झाकणाची, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची. जांभळी ट्यूब यांच्यानंतरच भरायची असते. प्रत्येक ट्यूब हलवून न फेसाळता चार-सहा वेळा सावकाश उलटीसुलटी केली आणि हेपॅरिनची ट्यूब माझ्यासमोरच सेंट्रिफ्यूजमध्ये गेली. सीरमचे पोटॅशियम ४.५ आले, हेपॅरिनच्या ट्यूबमधील प्लाझ्माचे, म्हणजे न गोठलेल्या रक्तातील द्रवाचे, ४.२.

हे दोन आकडे एकाच हाताच्या एकाच टोचणीतील होते, तरी वेगळे होते, याचे मला नवल वाटले. प्लाझ्मामध्ये रक्त गोठलेलेच नसते, त्यामुळे प्लेटलेटचे पोटॅशियम त्यात उतरत नाही आणि आकडा थोडा खाली राहतो. एका वेळी सीरम आणि पुढच्या वेळी प्लाझ्मा मोजला, तर शरीरात काहीही न घडता पोटॅशियम बदलल्यासारखे वाटेल. तातडीच्या विभागातील ब्लड गॅस यंत्र काही मिनिटांत पोटॅशियम सांगते, पण ते अख्ख्या रक्तावर मोजते. पेशी फुटल्या असतील तर नेहमीच्या ब्लड गॅस यंत्रावर ते डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी वेगाच्या बदल्यात एक खूण गमवावी लागते. फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीची तपासणी) यांसारख्या तपासण्यांत तर वेगवेगळ्या कंपन्यांची प्रतिपिंडे वेगळी असल्याने आकडे एकमेकांशी थेट ताडता येत नाहीत, असेही बाईंनी जाता जाता सांगितले.

डॉक्टरांनी टेल्मिसार्टनची मात्रा तशीच ठेवली. सर्वांत जास्त खेटे घालावे लागले ते जुन्या रिपोर्टसाठी. दिलेला आकडा यंत्राने मोजलेलाच आहे, तो बदलता येणार नाही, असे काउंटरवर ऐकवले गेले. आणि त्यात तथ्यही होते, कारण यंत्राने ट्यूबमधील पोटॅशियम बरोबरच मोजले होते. मी आकडा बदला असे म्हणतच नव्हतो. अखेर पॅथॉलॉजिस्ट बाईंच्या सहीने सुधारित रिपोर्ट मिळाला: ‘सीरम वेगळे करण्यास विलंब, पोटॅशियमचा निष्कर्ष ग्राह्य धरू नये.’ पुढील तपासणीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘प्लाझ्मा पोटॅशियम, नमुना प्रयोगशाळेतच घ्यावा’ असे लिहून दिले आहे.