आज्याची घडी

आमच्या दारव्हा तालुक्यात घड्याळाला अजूनही ‘घडी’च म्हणतात. आज्याची घडी त्याच्या पश्चात कित्येक वर्षे लोखंडी पेटीत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली होती, आणि ती त्याला लग्नात सासऱ्याने दिली हे घरातल्या लहान पोरालाही पाठ होते. लग्न कोणत्या सालचे, असे विचारले तर मात्र आकड्यात उत्तर मिळत नसे. विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्या सालच्या वैशाखातले, एवढेच सांगत. विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे लग्न त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातले, असा हिशेब मी मांडून ठेवला होता. गेल्या दिवाळीत ती घडी माझ्याकडे आली, कारण भावांना मोबाइल असताना रोज चावी द्यावी लागणारे घड्याळ नको होते, आणि त्या हिशेबाला तिथूनच तडा गेला.

काच पिवळी पडून इतकी खरवडलेली होती की खाली काय लिहिले आहे ते घरी कुणालाच धड वाचता येत नव्हते. बसस्टँडसमोरच्या घड्याळजींनी ती बदलली, तेव्हा तबकडीवर दोन नावे दिसली: सिटिझन आणि एचएमटी. खाली बारीक अक्षरांत सतरा ज्वेल्स, म्हणजे आत झीज रोखायला बसवलेले सतरा खडे, आणि पॅरा शॉक. घड्याळजी खूश झाले, कारण दोन्ही नावे एकत्र असलेली घड्याळे आता फारशी हाती येत नाहीत. मी मात्र गप्प झाले, कारण मला साल आठवत होते.

हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, हा सरकारी कारखाना बंगळूरला १९५३ साली निघाला तो यंत्रे घडवणारी यंत्रे करण्यासाठी. मनगटी घड्याळाशी त्याचा तेव्हा काही संबंध नव्हता. घड्याळांचा विभाग जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये सुरू झाला आणि पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. सुरुवातीच्या त्या काळात तबकडीवर जपानी गुरू आणि भारतीय शिष्य अशी दोघांची नावे शेजारी नांदत. पुढे शिष्य एकटाच उरला. पॅरा शॉक हीही सिटिझनचीच देणगी. घड्याळाची चाल राखणाऱ्या, मागेपुढे फिरणाऱ्या चाकाच्या, म्हणजे बॅलन्स व्हीलच्या, आसाची दोन टोके केसासारखी बारीक असतात आणि घड्याळ हातातून पडले की आधी तीच मोडतात. तो हिसका स्प्रिंगने झेलण्याची ही युक्ती सिटिझनने १९५६ साली जपानात आणली. आज्याच्या लग्नाचे आणि या युक्तीचे साल एकच निघावे, याची मला गंमत वाटली. पण जपानातली ती नवलाई त्याच वैशाखात दारव्ह्याच्या मांडवात येऊन पोहोचणे कुठल्याच हिशेबात बसत नव्हते. ज्या कारखान्यात अजून घड्याळ बनतच नव्हते, त्याचे घड्याळ सासऱ्याने जावयाच्या हाती कसे बांधले असेल?

जुन्या घड्याळाचे वय काढणे हा प्रकार गुरांच्या बाजारात बैलाचे वय काढण्यासारखा आहे. विकणारा सांगतो ते ऐकून घ्यायचे आणि मग दात बघायचे. तबकडी हा सगळ्यांत बोलका आणि सगळ्यांत खोटारडा भाग, कारण ती पुन्हा रंगवता येते. भडक रंगाच्या, ताज्या अक्षरांच्या कितीतरी ‘जुन्या’ तबकड्या अलीकडेच रंगवलेल्या असतात आणि सेकंदकाट्याच्या वर्तुळाशी खुणा जुळत नाहीत, तेव्हा त्यांचे बिंग फुटते. पट्टा अडकवायच्या कड्या घड्याळाच्या बाहेरच्या डबीला कायमच्या जोडलेल्या असतील तर घड्याळ बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आसपासचे. स्विस घड्याळात बॅलन्सच्या खड्यावर लायर या पाश्चात्त्य तंतुवाद्याच्या आकाराची इवलीशी स्प्रिंग दिसली तर ते १९३४ च्या आधीचे नसणार, कारण इन्काब्लॉक नावाची ती रचना तेव्हाची आहे. अंधारात चमकणाऱ्या काट्यांचाही काळ ठरवता येतो. आधी त्यांना खरोखरच रेडियम हे किरणोत्सारी द्रव्य लावीत; १९६० नंतर हळूहळू त्याच्यापेक्षा सौम्य असे ट्रिटियम आले आणि स्विस तबकड्यांच्या तळाशी ‘टी’ हे अक्षर दिसू लागले. रेडियमचा जोर निम्मा व्हायला सोळाशे वर्षे लागतात, पण त्याच्यामुळे उजळणारा लेप काही दशकांतच जळून जातो. म्हणून जुने काटे चमकायचे थांबले तरी त्यांच्यातले रेडियम गेलेले नसते आणि असे घड्याळ हौसेने घरी उघडू नये. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे चिकटवलेल्या चमकत्या पट्टीलाही लोक रेडियमच म्हणतात. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो, पण शब्द घड्याळापेक्षा चिवट निघाला.

आमच्या घडीने खरे उत्तर दिले ते पाठीमागच्या झाकणाच्या आतल्या बाजूने. दुरुस्ती झाली की तिथे सुईने बारीक अक्षरात आपली खूण आणि तारीख कोरून ठेवायची घड्याळजींची जुनी पद्धत आहे. गिऱ्हाईक महिनाभरात कुरकुरत परत आले, तर काम कधी केले होते ते समजावे, एवढाच त्यामागचा व्यवहार. घड्याळजींनी भिंग माझ्या हाती दिले. तीन खुणा होत्या आणि त्यांतली सर्वांत जुनी ८-६७ अशी होती. म्हणजे घडी १९६१ नंतर बनली आणि ऑगस्ट १९६७ मध्ये दुरुस्तीला आली होती. या सहा वर्षांच्या फटीत कुठेतरी आज्याने ती घेतली असली पाहिजे.

हे सगळे मी आत्याला फोनवर सांगितले. आपण इतिहासाचा मोठा शोध लावला, असा माझा सूर असावा. आत्या क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बाप्पा, ते लग्नातली घडी नोहेच. लग्नातली त तुह्या आज्यानं विहीर खंदाच्या वक्ताले इकली." विहिरीला पाणी लागले ते चिनी लढाईच्या साली, म्हणजे १९६२ मध्ये, हे तर आम्हा सर्वांना माहीत होते. दारव्ह्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या मुनिमाने ती विकलेली घडी घेतली होती. पुढे दोन-तीन वर्षांनी कापसाचे पैसे बरे आले, तेव्हा आज्याने ही दुसरी घेतली आणि सासरच्या लोकांना वाईट वाटू नये म्हणून, आजीच्याच सांगण्यावरून, ती लग्नातलीच म्हणून मिरवली. माहेरचे पाहुणे आले की आज्या हात धोतराच्या सोग्यात ठेवी, असेही आत्याने हसत सांगितले.

लग्नातली कोणती होती, असे विचारल्यावर आत्या म्हणाली, "वेस्टन". वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव आमच्याकडे असे झिजून उरले आहे. ही कंपनी आपले साल १८८६ सांगते. यंत्रे स्वित्झर्लंडची आणि बाजार हिंदुस्थानचा, म्हणून तिच्या जुन्या तबकड्यांवर मुंबई आणि कलकत्ता ही नावे इंग्रजीत छापलेली असतात. तिच्या सर्वांत गाजलेल्या घड्याळाचे नाव सोवार, म्हणजे आपला घोडेस्वार; गिऱ्हाइकाच्या तोंडी बसेल असे नाव शोधण्याची अक्कल त्या स्विस व्यापाऱ्यांना होती. पुढे तीच अक्कल एचएमटीने दाखवली. जवान, तरुण, सोना, सुजाता, कांचन ही नावे ओळीने वाचली तर गावच्या शाळेची हजेरी चालू आहे असे वाटावे. लग्नाच्या बोलणीत कांचन अडून मागणारे जावई तर आमच्या पंचक्रोशीतच होऊन गेले. तो कारखाना मात्र आता घड्याळे करीत नाही. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला.

घडी आता माझ्या हातात आहे. दिवसाला चार मिनिटे मागे पडते. घड्याळजी म्हणतात, एवढे चालायचेच. परवा सर्व्हिसिंग करून झाकण लावण्याआधी त्यांनी हातात सुई घेऊन, तारीख कोरू का, असे विचारले. संग्राहकांना आवडणार नाही, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. मी कोरायला सांगितली. वेस्टन मात्र अजून सापडलेली नाही. दारव्ह्यात एखाद्या लग्नाला गेले की जुन्या जिनिंगवाल्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांच्या मनगटाकडे माझे लक्ष जाते. मुनिमाच्या नातवंडांना ती घडी कुणाच्या लग्नातली म्हणून सांगितली गेली असेल, हे मला एकदा विचारायचे आहे.